कलिंगाचा श्वास

घर थरथरायला लागलं की प्राची आधी पाळण्याकडे बघायची आणि मग मांडणीकडे. मांडणीवरच्या स्टीलच्या ताटल्या एकमेकींना लागून बारीक किणकिणत असायच्या, माठावरचं झाकण हलत असायचं. पलीकडच्या खोलीचं दार तर घट्ट बंद. तरी जमिनीतून काहीतरी वर चढत यायचं. त्याला आवाज म्हणावं, तर कानाला ते धड ऐकू येत नव्हतं, तळपायाला कळायचं.

"झालं. लढाई उभी राह्यली," ओट्याला टेकून लसूण सोलत बसलेल्या ताईबाई म्हणायच्या. ताईबाई म्हणजे तिच्या सासूबाई, ती त्यांना आत्या म्हणायची. आणि पलीकडच्या खोलीत त्यांचा मुलगा नागसेन एकटाच बसून साठ-सत्तर वादकांची फौज वाजवत असायचा.

शिरूरच्या टोकाला, घोडनदीच्या अंगाने जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं तीन खोल्यांचं स्लॅबचं घर होतं. नागसेन सणसवाडीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. पोरवयात पेटी, मग जयंतीच्या ऑर्केस्ट्रात की-बोर्ड, आणि आता, दोन हजार सहा साली, मागच्या खोलीत कॉम्प्युटर, साउंड कार्ड, एक चांगला माइक आणि दोन काळे स्पीकर. कॉम्प्युटरच्या पोटात परदेशातल्या वादकांचे सूर सुटे सुटे रेकॉर्ड करून भरलेले होते. नागसेनने की-बोर्डवर बोट ठेवलं की कुठल्या तरी बर्फाळ देशातले वीसजण एकदम व्हायोलिनवर गज ओढायचे. लग्नानंतर त्याने पहिल्यांदा ते ऐकवलं तेव्हा प्राचीच्या अंगावर काटा आला होता. ही माणसं आहेत तरी कुठे, असं तिने विचारलं, तर तो हसून म्हणाला, कोण जाणे, यातली काही आता मेलीही असतील. ते तिला तेव्हाही आवडलं नव्हतं.

बाळंतपणाला ती दौंडला माहेरी गेली, तेवढ्यात इकडे खोलीचा स्टुडिओ झाला. तान्ह्या तेजश्रीला घेऊन परत आली तर चारी भिंतींना लाकडी चौकटी, आणि प्रत्येक चौकटीवर ताईबाईंच्या जुन्या लुगड्यांची जाडजूड, टाके घातलेली गोधडी. खोलीत पाऊल टाकलं की स्वतःचा आवाज तोंडातच विरायचा, कानात बोळे घातल्यासारखं व्हायचं. नागसेनला याचा फार अभिमान. प्राचीच्या मनात मात्र पहिला विचार आला तो असा, की या खोलीत कुणी ओरडलं तर बाहेर समजणार नाही, आणि बाहेर पोर रडली तर आत समजणार नाही. त्या दिवसापासून तिने तेजश्रीला त्या दाराच्या आत नेलं नाही.

दिवाळीनंतर दौंडचा रविराज घरी आला. त्याची नाटकमंडळी सम्राट अशोकावर महानाट्य काढत होती. मोकळं मैदान, शंभरभर माणसं, खरे घोडे आणि मध्यभागी कलिंगाची लढाई. संगीत पिक्चरसारखं पाहिजे, माणूस खुर्चीला चिकटला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. नागसेनने त्या दिवशी चहाचा कप हातात धरला तो धरलाच. पाळी करून येणारा माणूस इतका ताठ बसलेला प्राचीने कधी बघितला नव्हता. हे काम साधलं तर पुढची दारं उघडणार होती, हे तिलाही कळत होतं. म्हणून पहिले काही दिवस ती काही बोलली नाही.

मग लढाई सुरू झाली. विजेच्या भारनियमनातून उरलेल्या वेळात नागसेन दार लावून बसायचा. गोधड्या व्हायोलिन अडवायच्या, तुताऱ्या अडवायच्या. पण सगळ्यात खालचा तो खर्ज, हत्ती चालून येतात तेव्हाचा, तो भिंतींना जुमानत नव्हता. फरशीतून पाळण्याच्या पायांत चढायचा. पाळण्याच्या दांडीवर हात ठेवला की तो प्राचीच्या मनगटापर्यंत यायचा. झोपलेली तेजश्री दचकून हात फेकायची.

प्राचीने नवऱ्याला सांगितलं. त्याने आवाज थोडा उतरवला, दुसऱ्या दिवशी पुन्हा चढवला. कमी आवाजात लढाई बांधता येत नाही म्हणाला. सांगून सांगून शेवटी ती सासूबाईंजवळ रडली. पोरीला ही थरथर लागता कामा नये, काहीही करा, असं म्हणाली. त्याच आठवड्यात ताईबाईंनी पाळण्याच्या मापाची एक गोधडी शिवून काढली. हिरव्या आणि डाळिंबी लुगड्यांचे तुकडे, कडेला बारीक टाका, आणि हाताला अशी भरदार लागणारी की प्राचीला भरून आलं. पाळण्यात ती अंथरली आणि वर तेजश्रीला निजवलं. खरंच, थरथर कमी लागली. पोर त्या दुपारी गाढ झोपली.

पहिलं पुरळ मानेवर उठलं. मग पाठीवर, मांड्यांवर. लाल, बारीक, अंगावर कुणी सुईचं टोक फिरवल्यासारखं. तेजश्री मुठींनी डोळे चोळायची, पाठ घासायची, आणि तिला एक कोरडा खोकला लागला. झोपेत तिच्या छातीत बारीक शीळ वाजू लागली. प्राची पाळण्यावर वाकून ती ऐकत बसायची. भाजी करपली तरी तिला वास यायचा नाही.

डॉक्टरांनी थंडीचं निमित्त सांगितलं. मलम दिलं, पातळ औषध दिलं आणि पोरीला उबदार ठेवा म्हणाले. मग ताईबाई नातीला गोधडीत दोन्ही बाजूंनी नीट गुंडाळू लागल्या. गुंडाळता गुंडाळता स्वतःचे हात कोपरापर्यंत खाजवायच्या. नवा साबण मानवत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

प्राचीला मात्र साबण दिसत नव्हता आणि थंडीही दिसत नव्हती. तिला बंद दार दिसत होतं. ज्या दिवशी पलीकडे लढाई जोरात, त्या दिवशी इकडे शीळ जोरात. हे तिने स्वतःशी पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं होतं. लढाई जोरात असली की ती पोरीला अंगाखांद्यावर न फिरवता पाळण्यात, त्या जाड गोधडीत जास्त वेळ ठेवायची, ही गोष्ट तिच्या लक्षात येण्यासारखी नव्हती. ती तर पोरीला जपत होती. नागसेन म्हणाला, मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालीस म्हणून तुला घरात सगळेच आजारी दिसतात. हसण्यावारी नेलं त्याने, पण ती हसली नाही.

शेवटी ती पोरीला घेऊन दौंडला गेली. पिशव्या इतक्या भरल्या होत्या की गोधडी मागेच राहिली. तिचे वडील ज्ञानदेव रेल्वेतून निवृत्त झालेले, घर रुळांना लागून. मालगाडी गेली की खिडकीची काच वाजायची, पलंग हलायचा, फोटो भिंतीवर तिरके व्हायचे. आणि तेजश्री तिथे झोपायची ती दगडासारखी. पुरळ मावळलं, शीळ थांबली. रेल्वेची नात आहे ती, तिला गाडी लागत नाही, असं आजोबा कौतुकाने म्हणायचे. हललेल्या पलंगाने पोरीला काही होत नाही, हे प्राचीने डोळ्यांनी बघितलं. पण बघूनही तिने त्याचा अर्थ लावला नाही. तिचं उत्तर आधीच ठरलेलं होतं.

शिरूरला परतल्यावर पाळणा तोच, गोधडी तीच. पुन्हा लाल ठिपके उठले. पुन्हा शीळ आली, आणि या वेळी खोकताना पोरीचे ओठ क्षणभर निळसर वाटले.

त्या सकाळी नागसेन पाळीवरून आला तेव्हा प्राची दारातच उभी होती.

"अहो, त्या खोलीचं काय ते आज ठरवा," ती म्हणाली. "ती खोली राहील, नाहीतर आम्ही दोघी राहू."

त्याने डबा खाली ठेवला. खूप वेळ बूट सोडत बसला. मग म्हणाला, एकच प्रसंग राहिलाय. लढाई संपलेली, मैदानावर मढी पडलेली, अशोक एकटा चालत येतो. तेवढं झालं की मी स्पीकरची वायर तुझ्या हातात देतो. त्या प्रसंगाला काय वाजवावं हे त्याला सापडत नव्हतं. व्हायोलिन लावलं तर रडकं वाटत होतं, बासरी लावली तर खोटी. सगळी वाद्यं थांबल्यावर मैदानात जे उरतं, ते त्याला हवं होतं.

दोन दिवसांनी, दुपारी, प्राची गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन खाली आली आणि जिन्यातच थांबली. पाळण्यावर माइक वाकलेला होता. स्टँडवरचा तो काळा गोळा तेजश्रीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, आणि वायर फरशीवरून पलीकडच्या दाराच्या फटीत गेलेली. दारात नागसेन ओठांवर बोट ठेवून उभा. पोर झोपलेली होती म्हणून प्राची ओरडली नाही. तिने कपडे तसेच खाली टाकले. तो मात्र चोरासारखा पुढे आला, माइक उचलून आत घेऊन गेला, आणि थोड्या वेळाने त्याने तिला हाक मारली. फक्त एकदा ऐक, नको म्हणालीस तर तुझ्यासमोर पुसतो, असं म्हणाला.

पोरीला सांभाळायला ताईबाईंना बसवून ती आत गेली. गोधड्यांच्या त्या खोलीत तिच्या पावलांचा आवाज नाहीसा झाला. त्याने तिच्या कानांवर हेडफोन चढवले.

आधी काहीच नव्हतं. मग अंधारातून एक प्रचंड श्वास आला. कुठलं तरी मोठं जनावर मातीत तोंड घालून पडलंय आणि त्याला अजून मरता येत नाहीये, असा. आत घेतला की शेवटी शीळ, सोडला की घरघर. नागसेनने बटण फिरवून खर्जात उतरवलेला तो श्वास मूळ सुराकडे आणला, तसा तो वर वर चढत गेला, लहान लहान होत गेला, आणि तिने तो ओळखला. तिच्या पोरीचा होता.

"हे मिळत नव्हतं मला," तो हळूच म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, आणि त्याच्या डोळ्यांतल्या त्या पाण्याचीच तिला त्या क्षणी सगळ्यात जास्त भीती वाटली.

एवढंच एक साफ करावं लागेल, असं म्हणत त्याने पडद्यावरची आवाजाची रेघ मोठी केली. पोरीने कूस बदलली की श्वासाच्या खाली आणखी एक आवाज होता. चुर्र. फार बारीक. वाळूवर वाळू घासल्यासारखा. त्याने तो पुन्हा पुन्हा वाजवला. अंथरुणाचा म्हणावा तर कापूस असा बोलत नाही, आणि पाळणा कुरकुरतो म्हणावं तर लाकडाचा आवाज जाड असतो. त्याला उलगडा होत नव्हता.

प्राचीला ते ऐकवेना. हेडफोन तसेच डोक्यावर असताना ती मागे सरकली आणि भिंतीला टेकली. माइक तिच्या खांद्याशीच स्टँडवर होता, आणि चालू होता; त्याचा आवाज थेट हेडफोनात येत होता.

चुर्र.

नागसेनने काही वाजवलं नव्हतं. त्याचा हात बटणापासून दूर होता. प्राचीने श्वास रोखून पाठ पुन्हा भिंतीवरच्या गोधडीवर दाबली. चुर्र. मग तळहाताने दाबली. तोच आवाज, तसाच.

"यात काय भरलंय?" तिने विचारलं.

"ग्लासवूल. आमच्या भट्टीची दुरुस्ती निघाली होती, त्यातली जुनी..."

"म्हणजे काय असतं ते?"

"काचेचे धागे," तो म्हणाला, आणि त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

हेडफोनची वायर तुटली की निघाली, तिने बघितलं नाही. तिने बाहेर धावत येऊन पाळण्यातून तेजश्रीला उचललं, ताईबाईंच्या मांडीवर नाही तर थेट मागोमाग आलेल्या नागसेनच्या हातात दिलं, आणि शिवणाच्या डब्यातली कात्री हिरव्या-डाळिंबी गोधडीत घुसवली. ताईबाई अगं अगं करत उठल्या. बारीक टाके एकामागून एक सुटत गेले. आतून पिवळं, मऊ, कापसासारखं काहीतरी फुगून वर आलं. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं, आणि त्या उन्हात अगदी बारीक चकाकणारे कण वर चढले. पाळण्यावर, चादरीवर, पोरीच्या दुपट्यावर ते सावकाश उतरत होते. किती सुंदर दिसत होते. प्राचीला ते आयुष्यभर विसरता येणार नव्हतं.

नागसेनला एवढंच माहीत होतं की भिंतीचं काम झाल्यावर उरलेलं पोतं त्याने माळ्यावर टाकलं होतं. त्या पोत्याला हात लावताना हातांना खोबरेल लाव, नाहीतर खाजतं, एवढंच त्याने आईला सांगितलं होतं. काच आहे, हे त्याने सांगितलं नव्हतं. कारखान्यात सगळे ते उघड्या हातांनीच उचलायचे.

ताईबाई त्या उसवलेल्या गोधडीकडे बघत उभ्या होत्या. त्यांचा आवाज खाली गेला.

"वरनं दुहेरी लुगडं लावलं व्हतं गं मी," त्या म्हणाल्या. "भिंतीची थरथर खातंय, म्हनलं पोरीची बी खाईल. हाताला टोचायचं, पर बाजरीची कुसळं न्हाई का टोचत? सारा जन्म तीच काढली. म्हनलं, बाजरीनं कवा कुनाला काय झालंय."

प्राचीने कात्री खाली ठेवली. काहीही करा, असं तीच म्हणाली होती.

दुसऱ्या डॉक्टरांनी पोरीला तपासलं, सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ छातीवर नळी ठेवली. कातडीचं काळजीचं कारण नाही म्हणाले. छातीचं आत्ताच सांगता येत नाही. श्वासावर लक्ष ठेवा. प्राचीला लक्ष ठेवा असं सांगणारा हा पहिला माणूस. इतके दिवस सगळे तिला लक्ष काढ म्हणत होते.

घर धुतलं. पाळणा जाळला. नागसेनने नाकातोंडाला फडकं बांधून भिंतींच्या चौकटी उतरवल्या आणि सगळं पोत्यांत बांधून नदीपलीकडच्या खड्ड्यात पुरलं. उघड्या भिंतींच्या त्या खोलीत आता साधं खाकरलं तरी घुमायचं. ताईबाईंनी त्या दिवसापासून नातीला हात लावला नाही. हात पदराखाली घेऊन लांब बसायच्या. तेजश्री त्यांच्याकडे झेप घ्यायची, आणि त्या तोंड फिरवून स्वयंपाकघरात निघून जायच्या. प्राचीला ते दिसत होतं. अहो आत्या, घ्या तिला, एवढं म्हणायला तिची जीभ उचलत नव्हती.

या सगळ्यात तो श्वास पुसायचा राहिला. म्हणजे, प्राचीने विचारलं नाही आणि नागसेनने सांगितलं नाही.

जानेवारीत दौंडला प्रयोग झाला. संध्याकाळपासूनच मैदान भरलं. स्पीकरचे दोन मनोरे, त्यांच्यामागे बांधलेले घोडे, पुढच्या रांगेत खुर्च्या आणि मागे सतरंज्या. नागसेन रविराजबरोबर आवाजाच्या टेबलापाशी होता. प्राची सतरंजीवर, मांडीवर स्वेटर-टोपीतली तेजश्री, बाजूला ज्ञानदेव आणि त्यांच्या पलीकडे ताईबाई. पुरळ गेलं होतं. खोकला अधूनमधून यायचा. शीळ कधी ऐकू यायची, कधी नाही.

लढाई सुरू झाली आणि जमीन हलली. मांडणीवरच्या ताटल्यांना जी लढाई अर्धीमुर्धी कळली होती ती इथे पुरी उभी राहिली. नगारे, तुताऱ्या, हजार गज एकदम. घोडे खरोखर बिथरले. लोक पुढे वाकले. प्राचीने पोरीचे कान टोपीवरून दाबून धरले होते, आणि तरीही, त्या सगळ्यात, तिला एकदा नवऱ्याचा अभिमान वाटून गेला.

मग सगळं एकदम थांबलं. दिवे मंद झाले. पडलेल्या माणसांमधून अशोक एकटा चालत आला, आणि मैदानाच्या दोन्ही टोकांकडून तो श्वास आला. आत घेतला की शीळ. सोडला की घरघर.

पुढच्या बाईने पदर तोंडाशी धरला. मागे एक म्हातारा आपल्या शेजाऱ्याला कुजबुजला, "कुनीतरी जित्तं हाय अजून त्यात."

प्राचीने वाकून पोरीच्या छातीला कान लावला. काही ऐकू येईना. म्हणजे, ऐकू येत होतं, पण ते स्पीकरमधलं की स्वेटरच्या आतलं, हे ओळखता येईना. तिने दुसरा कान लावला. तोच प्रचंड श्वास. ती पोरीला घेऊन उठली. लोकांच्या पायांतून, घोड्यांच्या मागून, पाण्याच्या टाकीच्या पलीकडे रुळांच्या बाजूला चालत गेली. आवाज कानातून गेला तरी तळपायातून जाईना. ती आणखी पुढे गेली. मागे चपला वाजल्या. ताईबाई होत्या, हात पदराखाली घेतलेल्या, चार पावलं लांब थांबलेल्या.

"हाय का?" त्यांनी विचारलं. "नीट हाय का तिचा?"

"गप्प राहा, आत्या. जरा ऐकू द्या."

प्राचीने स्वेटरचं बटण काढून आत कान लावला. पोरीचा श्वास आला. लहान, कोमट, कोरडा. शीळ नव्हती. ती दुसऱ्या श्वासाची वाट बघत होती, तेवढ्यात मैदानावर टाळ्या उठल्या. त्या वाढत गेल्या, थांबेनात. कान उपयोगाचा राहिला नाही. मग तिने मान वर केली, ताईबाईंच्या पदराखालचा हात ओढून बाहेर काढला आणि पोरीच्या उघड्या छातीवर ठेवला. त्यावर स्वतःचा ठेवला. खाली छाती हलते का, हे बघत दोघी त्या टाळ्या संपायची वाट पाहत तशाच उभ्या राहिल्या.